दोन हात चुना

चुन्याची कळी पाण्यात पडली की आधी काही होत नाही. पत्र्याच्या डब्याच्या तळाशी ती मुकाट पडून राहते, दोन-चार बुडबुडे सोडते. मग एकाएकी खडे तडकतात, फुटतात, फुलतात, पाणी रटरटायला लागतं, डबा हात लावू नये इतका तापतो आणि परसात वाफेचा एक तुरट, कोरडा वास भरून राहतो. खाली जाळ नाही, कुणी काडी पेटवलेली नाही, तरी उकळी. दसरा सरला की सांगलीतल्या आमच्या वाड्याच्या परसात हा प्रकार चालायचा आणि आम्हा पोरांना तो पायरीवर उभं राहून, लांबूनच बघायची मुभा असायची. "डोळ्यात उडाला तर डोळा जाईल," आई दटावायची. ती उगीच भिववत नव्हती. ताजा विरलेला चुना डोळ्याला खरंच भाजतो. चुन्याला अॅल्युमिनियमचं पातेलं देऊ नका, चुना ते खातो, असंही ती शेजारणींना बजावायची. तिला हे कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं.

पुस्तकातून आम्हाला शिकवलं ते असं : चुनखडी भट्टीत ९०० अंशांच्या आसपास भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शुद्ध चुनखडी १०० किलो घातली तर ५६ किलो कळी हाती येते, उरलेले ४४ किलो हवेत जातात. कळी पाण्यात विरते, भिंतीवर बसते आणि मग महिनोन् महिने हवेतला तोच वायू परत घेत घेत पुन्हा चुनखडी होते. फळ्यावरचं ते समीकरण उतरवून घेताना मला आमच्या दोन खोल्या दिसत होत्या. सहा माणसं, एक स्टोव्ह, एक शेगडी आणि आजोबांचा रात्रभरचा खोकला. भिंतींनी दगड व्हायला जी हवा घेतली तिच्यात आमचे उच्छ्वास काही थोडे नसणार. बाईंना हे सांगायचा धीर मात्र झाला नाही.

वाडा जुना, मालक परगावी आणि भाडं इतकं कमी की दुरुस्तीचा विषय काढायची आमचीच छाती होत नसे. भिंती पांढऱ्या मातीच्या, हातभर रुंद. पांढरीची माती म्हणजे जुन्या गावठाणाची माती. पिकाला काळी आणि घराला पांढरी ही आपल्याकडची वाटणी फार जुनी. त्या भिंतींत उन्हाळ्यात गारवा भरपूर आणि पावसाळ्यात ओलही भरपूर. जमिनीतलं पाणी मातीतून वर चढतं, येताना क्षार घेऊन येतं, आणि ते क्षार भिंतीच्या तोंडाशी येऊन फुलतात. भिंतीला लोणा लागला म्हणतात तो हा. चुन्याचा पातळ हात या ओलीला अडवत नाही. ती त्यातून वाफ होऊन निघून जाते आणि भिंत आपापली वाळते. समोरच्या खणातल्या बिऱ्हाडाने एका वर्षी हौसेने कमरेइतका ऑइल पेंटचा पट्टा मारून घेतला होता, फिकट हिरवा, ओल्या फडक्याने पुसता येणारा. आम्हाला त्याचा कोण हेवा! पुढच्या श्रावणात त्या पट्ट्याला फुगे आले. आम्ही पोरं ते बोटाने फोडत बसायचो. आत माती भिजून भुसभुशीत झालेली असायची. दोष रंगाचा नव्हता. मातीच्या भिंतीचं तोंड बांधून चालत नाही, एवढंच.

तरी मला रंग हवाच होता. हरभट रोडवरच्या रंगाच्या दुकानात हातात डबा आणि ब्रश घेतलेला गट्टू टांगलेला असायचा. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढलेला तो पोरगा मला अगदी आमच्या वर्गातला वाटे, आणि त्याच्या घरच्या भिंती गुलाबी असणार याबद्दल मला शंका नव्हती. आमच्याकडे रंग म्हणजे नीळ. पांढऱ्यावर पिवळट झाक येऊ नये म्हणून ती चिमूटभर पडायचीच. अण्णा, म्हणजे आमचे वडील, खुशीत असले तर दोन चिमटी जास्त, की स्वयंपाकघर आभाळी.

कृती आईची होती आणि तिच्यात ती कुणाला हात घालू देत नसे. कळी रात्रभर विरू द्यायची. सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून पातळ ताकाइतकी करायची. तिच्यात भिजवलेला बाभळीचा डिंक आणि मूठभर मीठ. डिंक कमी पडला तर चुना पाठीला लागतो. पुरेसा पडला तरी थोडा लागतोच, त्यामुळे दिवाळीत आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांच्या नव्या सदऱ्यांचे खांदे पांढरे असायचे. कुंचा घायपाताच्या वाखाचा, टोकाला दगडाने ठेचून मऊ केलेला. भिंत आधी झाडायची, मग पाणी शिंपडून ओली करायची. कोरडी भिंत चुन्यातलं पाणी ओढून घेते आणि वर नुसती भुकटी राहते. पहिला हात आडवा, दुसरा उभा. लावताना काही दिसतच नाही. मातकट भिंतीवरून ओला कुंचा फिरतोय, बस. नवखा माणूस इथे बिचकतो आणि जाड थापायला लागतो, आणि जाड थराच्या संक्रांतीपर्यंत खपल्या निघतात. आई एक हात मारून शेगडीकडे निघून जायची. आमटीला उकळी येईपर्यंत भिंत कडेकडेने पांढरी व्हायला लागलेली असायची.

हे सगळं आठवताना छान वाटतं, पण तिच्या हातांना ते छान वाटत नव्हतं. चुन्याने बोटांना भेगा पडायच्या. रात्री खोबरेल चोळायची, आणि दुसऱ्या दिवशी तिखटमीठ घातलेलं चकलीचं पीठ त्याच हातांनी मळायची. आता माझ्या सोसायटीतले पुरुष रविवारी ड्रिल मशीन घेऊन भिंतीत चार भोकं पाडतात तेव्हा त्याला छंद म्हणतात, त्याची फोटोंसकट चर्चा होते. जमीन सारवणं, चूल पोतेरणं, पोपडे निघालेल्या भिंतीला माती लिंपणं, चुना देणं, ही सगळी घर सुधारायचीच कामं होती. पण ती बायकांच्या रोजच्या कामात इतकी मिसळून गेली होती की त्यांना वेगळं नावच मिळालं नाही. पाव्हणे यायचे आणि अण्णांना म्हणायचे, "वा, घर छान केलंय तुम्ही!" अण्णा मान डोलवायचे. आई आतून चहा पाठवायची.

अण्णांबद्दल तक्रार म्हणून हे सांगत नाही. अण्णा साखर कारखान्यात टाइमकीपर होते आणि आमच्या घरी येणारी कळी गावातल्या सर्वांत चांगल्या कळीत मोडायची ती त्यांच्यामुळे. उसाचा रस स्वच्छ करायला कारखान्याला चुन्याचं दूध लागतं; रसात ते आणि गंधकाचा वायू सोडला की गाळ खाली बसतो आणि साखर पांढरी निघते. कारखान्याला चुना पुरवणाऱ्या व्यापाऱ्याशी अण्णांची ओळख. वखारीत जाऊन ते खडे वाजवून, हातात तोलून घ्यायचे. नीट भाजलेला खडा हलका लागतो, कच्चा राहिलेला जड. पैसे रोख, पावती घेऊन. "कारखान्याचा माल घरी आणला असं कुणी म्हणायला नको," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पावती वहीत टाचली जायची.

त्या वह्या अजून आईकडे आहेत. लांब, लाल कापडी बांधणीच्या. दर दिवाळीच्या आधीचं एक पान 'घरकाम' या मथळ्याचं. कळी, नीळ, डिंक, कुंचा, सुतळी, खिळे, एखादी बिजागरी. मजुरी या शब्दासमोर नेहमी आडवी रेघ. म्हणजे मजुरी नाही, घरच्या घरी. एका वर्षी मात्र त्या रेघेखाली वेगळ्या अक्षरात लिहिलंय : 'मजुरी – १ पातळ.' अक्षर आईचं. पुढच्या ओळीत अण्णांच्या अक्षरात पातळाची किंमत आहे, दुकानाच्या नावासकट. ते पातळ जांभळ्या काठाचं होतं आणि ती ते बरीच वर्षं नेसली.

वहीच्या शेवटच्या पानावर यादी असायची, तीन रकान्यांची. यंदा, पुढच्या वर्षी, बघू. बोनसचा आकडा कळला की तिला वाचा फुटायची. कायद्यातला किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे बारा महिन्यांमागे साधारण एक जादा पगार. त्यातून फराळ, आमचे कपडे, आत्याची ओवाळणी आणि शिल्लक राहील त्यात घर. यंदाच्या रकान्यात एखादंच काम मावायचं. एका वर्षी न्हाणीचा कट्टा. एका वर्षी माजघराच्या खिडकीला जाळी, कारण डासांनी धाकट्या भावाला हिवताप दिला होता. एका वर्षी मागच्या खोलीतली सारवणाची जमीन जाऊन शहाबादी फरशी आली. तीही अखंड लाद्यांची नव्हे. फरशीवाल्याकडे फुटक्या तुकड्यांचा ढीग असतो, तो तो जवळजवळ फुकट देतो. अण्णांनी सायकलच्या कॅरिअरवरून तो हप्त्याहप्त्याने आणला आणि आम्ही पोरांनी अंगणात तुकड्याला तुकडा जुळवून आधी सगळी खोली मातीवर मांडून बघितली. कुठला तुकडा कुठे जातो ते खडूने लिहिलं. पावसाने एका रात्रीत खडू धुऊन टाकला, ते सोडा.

मला या 'बघू'च्या रकान्याबद्दल फार कुतूहल असायचं. त्यात गेलेलं काम मेलं नाही, पण त्याला आशा लावून बसू नये, असा त्याचा अर्थ. स्वयंपाकाचा ओटा त्या रकान्यात वर्षानुवर्षं होता.

तोवर आई जमिनीवर बसून स्वयंपाक करायची. खाली पाट, समोर शेगडी, बाजूला वातीचा स्टोव्ह. उठबस किती व्हायची ते कुणी मोजलं नाही. मग एका हिवाळ्यात तिची कंबर धरली आणि चार दिवस आजी आणि आम्ही मिळून जो काही स्वयंपाक केला, तो खाल्ल्यावर ओटा एकदम 'यंदा'त आला. दिवाळी झालेली, बोनस संपलेला. कडप्प्याची एक लादी, कडेला थोडी टवका उडालेली म्हणून स्वस्तात मिळालेली. विटा कारखान्यातल्या एका मित्राच्या बांधकामातून उरलेल्या. सिमेंट मिळायचंच नाही. त्या काळी ते परमिटवर होतं आणि आमच्यासारख्यांना ओळखीपाळखीनेही अर्धं पोतं मिळणं मुश्कील. अण्णा म्हणाले, चुना आहे की. चुना आणि चाळलेली नदीची वाळू, एकास तीन. गवंडीमामांना चहाला बोलावून सल्ला घेतला. ते म्हणाले, ओटा तेहेतीस इंच. सगळीकडे तेहेतीसच असतो.

"सगळीकडे म्हणजे कुणाकडे?" आईने विचारलं.

"अहो वहिनी, ते मापच आहे."

"तुमच्या घरी पोळ्या तुम्ही लाटता का?"

गवंडीमामांनी चहा संपवला.

त्यानंतर जे झालं ते मी पुढे वास्तुशास्त्राच्या पुस्तकात किंवा फर्निचरच्या झगमगीत दुकानात कुठेही पाहिलं नाही. अण्णांनी दोन बाजूंना विटा सुक्याच रचल्या, मधे काही न घालता, आणि वर कडप्पा ठेवला. आई समोर उभी राहून पोळ्या लाटायची. खऱ्या पोळ्या, आमच्या जेवणाच्या. सात थर झाले तेव्हा म्हणाली, पाठ वाकतेय. नऊ केले तेव्हा म्हणाली, खांदे वर येतात, लाटण्यावर भारच पडत नाही. तेव्हा आठ. आठांवर तिने कणीक मळून बघितली, भाजी चिरून बघितली, पाट्यावरची चटणी तिथे जमणार नाही हेही ठरवून टाकलं. अण्णा टेप घेऊन बाजूला उभे. मनगट कुठे येतं, कोपर कुठे राहतं, हे ते असं न्याहाळत होते की आजीने तोंडाला पदर लावला. ओट्याचं तोंड तिच्या कोपराखाली चार बोटं राहिलं. साडेएकोणतीस इंच. वहीत नोंद आहे : 'ओटा २९॥, सौ.च्या मापाने.'

मग चुन्यावाळूत विटा बसवल्या. ओळंबा धरायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा हात हलत नाही असं अण्णांचं मत होतं. दोरीला लावलेला पितळी गोळा थांबेपर्यंत श्वास रोखून उभं राहायचं आणि तो थांबला की भिंत आणि दोरी यांच्यामधलं अंतर वर आणि खाली सारखं आहे का, ते सांगायचं. शाळेत ज्या बाईंना मी उच्छ्वासाचं बोलू शकले नव्हते त्यांना हे मात्र जाऊन सांगितलं, आणि त्यांनी गुरुत्वाकर्षणाच्या तासाला मला फळ्याशी बोलावलं. ओट्याचा हा मला झालेला फायदा. आईचा फायदा वेगळा. उभं राहून स्वयंपाक करताना तिला खिडकीतून बाहेरचं दिसायला लागलं. कोण आलं, कोण गेलं, समोरच्या बिऱ्हाडात आज काय शिजतंय. ती गाणं गुणगुणायला लागली असं म्हणायचा मोह होतो, पण ती काही गुणगुणत नव्हती. ती खिडकीतून बोलायला लागली, आणि आमच्या स्वयंपाकघरातली शांतता कायमची गेली.

१९८१ साली कारखान्याच्या पतसंस्थेचं कर्ज काढून अण्णांनी नदीकडच्या अंगाला एक लहान घर बांधायला घेतलं. सिमेंटचा तो वनवास कोण विसरेल! सिमेंटच्या वाटपावरून राज्यात एवढं रान उठलं की जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला, आणि पुढच्याच महिन्यात केंद्राने नियंत्रण अंशतः सैल केलं. पूर्ण उठायला १९८९ उजाडलं. आमचं घर या दोन्हींच्या मधे, पोत्यापोत्याने वाढलं. वाडा सोडायचा दिवस आला तेव्हा आई म्हणाली, ओटा माझा आहे. मालकाचा नाही. अण्णांनी कडप्पा पहारीने अलगद उचलला, आणि विटा हाताने एकेक सुट्या करून आम्ही पायरीवर घासल्या. चुन्यातली जोडणी अशी सुटते. सिमेंटमधली वीट सुटत नाही, फुटते. सगळा ओटा हातगाडीवर बसून नव्या घरी गेला आणि तिथे पुन्हा आठ थरांवर उभा राहिला, पुन्हा चुन्यातच, कारण घरचं सिमेंट स्लॅबला पुरत नव्हतं.

माझं स्वतःचं घर पुण्यात आहे, सहाव्या मजल्यावर. ताबा मिळाला तेव्हा एका इंटिरिअरवाल्याने छापील अंदाजपत्रक पाठवलं होतं. त्यात सगळं होतं आणि सगळं एकदम होतं : फॉल्स सीलिंग, ट्रॉल्या, टेक्श्चरची भिंत, वर दहा वर्षांची हमी. 'दहा वर्षं बघायला नको,' असं तो फोनवर दोनदा म्हणाला. घराच्या हप्त्यावर आणखी एक हप्ता. नवऱ्याने आकडेमोड केली आणि मी यादी केली, तीन रकान्यांची. माझ्या वयाच्या बायकांना मी जुनाट वाटत असेन, पण मला ते दहा वर्षं न बघणंच पटलं नाही. घर विकत घेतलं ते बघायलाच ना? आणि एकदाच सगळं करणाऱ्यांचं एक मी पाहिलंय. त्यांना आपल्या घरात नळाची मुख्य तोटी कुठे आहे ते माहीत नसतं.

म्हणून आमच्याकडे कामं अजून वर्षाला एक-दोन अशीच निघतात. नळाचा वायसर बदलणं, मोरीच्या जाळीभोवती पांढरं सिमेंट भरणं, माळ्याला फळ्या, गच्चीवरच्या कुंड्यांना जुन्या पलंगाच्या पट्ट्यांचा मांडव. नव्या इमारतींतल्या भिंती राखेच्या हलक्या ब्लॉकांच्या असतात, त्यांत साधी गिट्टी धरत नाही. वजनदार कपाट टांगायचं तर त्यासाठी वेगळे अँकर घ्यावे लागतात. खांबाला आणि तुळईला तर भोक पाडायचंच नाही. विजेच्या मुख्य फलकाला आणि गॅसच्या नळीला मी हात लावत नाही आणि कुणी घरगुती हौशी माणूस लावतो म्हणाला तर त्याला चहा देऊन घरी पाठवते. पैसे वाचवायचे ते सुतळीत आणि फरशीत, जिवावरच्या कामात नव्हे. तिथे जाणकार माणूस बोलवावा, त्याला पूर्ण मजुरी द्यावी, आणि जमल्यास त्याच्याशेजारी उभं राहून बघावं.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाशी ५७ फुटांपर्यंत चढलं. धोक्याची पातळी ४५. अण्णा त्याआधीच गेले होते. आईला धाकट्याने वेळेवर मिरजेला मामाकडे हलवलं. पाणी उतरल्यावर आम्ही गेलो तेव्हा घरात पोटरीइतका गाळ होता, आणि भिंतींवर छातीच्या उंचीला एक सरळ तपकिरी रेघ, कुणी ओळंब्याने आणि गुण्याने मारावी इतकी सरळ. गाद्या, पुस्तकं, कपाटं, सगळं बाहेर. गल्लीभर तेच. ज्यांनी प्लायच्या नाहीतर भुश्शाच्या फळ्यांच्या ट्रॉल्या केल्या होत्या त्यांच्या ट्रॉल्या फुगून दारंच उघडेनात. आमच्या ओट्यावरचा गाळ फावड्याने काढला, होजने धुतला, आणि खाली कडप्पा होता तसा. त्यात कडप्प्याचं काही मोठेपण नाही. दगडाला पाण्याचं काय? पण वह्या वाचल्या याचं मात्र श्रेय आईचं. घर सोडताना तिने दागिने घेतले नव्हते. ते बँकेत होते म्हणा. वह्यांची पिशवी घेतली होती.

रंगारी आला, भिंतीवर हात ठेवून म्हणाला, पुट्टी मारून वर रंग, दिवाळीपर्यंत नवं घर. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी. पाणी लागून तीन महिनेही झाले नसते आणि विटांच्या भिंती आतून चिंब होत्या. आई खुर्चीवर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "आधी खरवडा. जुना डिस्टेंपर, पोपडे, सगळं. मग चुना." रंगाऱ्याला चुना नको होता, त्यात त्याला काय मिळणार? धाकट्यालाही नको होता. चुना म्हणजे गोठ्याला देतात तो, असं त्याच्या बायकोचं मत. पण हातात पैसेही नव्हते आणि आईशी वाद घालायची कुणाची ताकदही नव्हती. लोखंडी पत्तीने आम्ही भिंती खरवडल्या. कळी आता सहज मिळत नाही. दुकानात पिशवीतली भुकटी देतात. अण्णांच्या त्या व्यापाऱ्याच्या मुलाकडे गेले. त्याने ओळख काढली, वखारीत नेलं, आणि मी खडा हातात तोलून घेतला तेव्हा तो हसला. "तुमचे वडील पण असंच करायचे," म्हणाला. पैसे रोख. पावती मी मागून घेतली.

आमच्या गल्लीत त्या दिवाळीला आमचं घर सर्वांत गरीब दिसलं हे मान्य करते. समोर फिकट पिस्ता, शेजारी अबोली. होळीपर्यंत दोन्हींवर ओलीचे नकाशे उमटले होते आणि पुट्टीचे पापुद्रे अंगणात पडत होते. आमचा चुना काही ठिकाणी गेला होता, खाली लोण्याने फुलला होता, पण भिंती वाळल्या. मार्चमध्ये झाडून वर आणखी एक हात दिला. फार खर्च आला नाही. मजुरीसमोर रेघ ओढायला मी वहीही उघडली, आणि मग धाकट्याच्या बायकोकडे बघून रेघ न ओढता दोन पातळांचे पैसे लिहिले. ती पातळ नेसत नाही, म्हणून कुर्ते.

आता आई ऐंशीच्या पुढे आहे आणि वयाप्रमाणे उंचीने ओसरली आहे. गेल्या खेपेला गेले तर ओट्यापुढे लाकडी पाट ठेवून त्यावर उभी राहून पोळ्या लाटत होती. मी ओरडले, पडशील. ती म्हणाली, "मग एक थर काढ." धाकटा म्हणाला, आता कशाला, पोळ्यांना बाई लाव. "बाई तिच्या मापाने लाटते," आई म्हणाली, आणि तो विषय संपला.

माझा मुलगा सोबत होता. साडेपाच फुटांच्या पुढचा, हॉस्टेलला जाणारा, त्याने आयुष्यात वीट कधी उचललेली नाही. आम्ही कडप्पा उतरवला. चुन्याची जोडणी सुटली, वरच्या थराच्या विटा त्याने पायरीवर घासल्या, मग सात थरांवर कडप्पा सुकाच ठेवला आणि आजीला बोलावलं. तिने पोळपाट मांडला, एक पोळी लाटली, दुसरी लाटली.

"खाली झाला."

"किती?"

"अर्धा इंच. पाऊण म्हण."

"अगं आजी, पाऊण इंचाची वीट कुठे मिळते?"

"शहाबादीचे तुकडे असतील की मागे. जा, बघ."

तो मागे गेला. थोड्या वेळाने तिथून फरशा सरकवल्याचा आवाज यायला लागला आणि मग त्याची हाक, टेप कुठे आहे म्हणून.